कोठडीची मऊ खिचडी

नांदरसांगवीच्या पोलीस ठाण्यासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला गोपिकाबाईंची खानावळ आहे. पाटी नाही. वर पत्रे, समोर बाकडी, आत चूल आणि गॅस दोन्ही. भाकरी चुलीवर, बाकी सगळं गॅसवर. अंबडकडे जाणारे जीपवाले आणि अंकुशनगरच्या कारखान्याला ऊस नेणारे ट्रॅक्टरवाले इथं थांबून खातात, पण खानावळीचं खरं गिऱ्हाईक म्हणजे समोरचं ठाणं. शिपायांचं जेवण इथलंच आणि कोठडीत कुणी असला तर त्याचंही इथलंच.

गोपिकाबाईंचं माहेर मेंढरांमागं फिरणारं. वडिलांचा कळप उन्हाळ्यात जाफराबादच्या माळावरून निघायचा तो गोदावरीच्या काठाला जाऊन बसायचा, आणि लहानग्या गोपिकाचं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर. सासरी मेंढरं कधीच विकून झाली होती. नवरा बदनापूरच्या रेल्वे स्टेशनावर हमाली करायचा, तो छातीच्या दुखण्यानं गेला. त्यानंतर एका मोर्चाच्या बंदोबस्तात गावातली सगळी हॉटेलं बंद पडलेली असताना या बाईनं उपाशी शिपायांना पिठलं-भाकरी घातली, आणि तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी ठाण्याचं जेवण त्यांच्याकडं लावून दिलं. तेव्हापासून त्या साऱ्या ठाण्याच्या आक्का झाल्या. साहेब बदलत गेले, आक्का तिथंच राहिल्या.

जेवणाचा निरोप रस्त्यापलीकडून ओरडून यायचा. "आक्का, लॉकअपची दोन ताटं!" कधी त्याला शेपूट असायचं, "त्यातलं एक मऊ!"

मऊ म्हणजे मुगाची सैल खिचडी, वरून तूप. ही रीत सोमेश्वर जमादारांनी पाडली. हुद्द्यानं ते हवालदार, पण गावात जुन्या वळणानं सगळे जमादारच म्हणत. खूप वर्षांपूर्वी कोठडीतल्या एका माणसाला भाकरीचा तुकडा मोडता येईना, कारण त्याच्या तळहातांवर पट्टा बसला होता. जमादार ताट परत घेऊन आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आक्का, याच्याजोगं काही मऊ हाय का?" गोपिकाबाईंनी खिचडी टाकली. पुढं तसा माणूस आत असला की जमादार आधीच सांगून ठेवायला लागले. बाकीच्या शिपायांनीही ते उचललं.

गोपिकाबाई थट्टाही करायच्या. "मऊ मागून राह्यले, म्हंजे आज वर्दी कडक दिसती," असं त्या इकडून ओरडायच्या, शिपाई हसायचे, आणि त्या तूप जरा जास्तच सोडायच्या. पोलिसांचं काम पोलिसांनी करावं, आपलं काम आपण करावं, आणि आपल्याकडून होईल तेवढं कुणाच्या पोटाला सुख द्यावं, एवढा सरळ त्यांचा हिशेब होता. उलट या खिचडीचा त्यांना मनातून अभिमान वाटे. एकादशीला देवळात गेल्या तरी त्या देवाला सांगत, बाबा, मी कुणाला उपाशी ठेवलं नाही.

भिवाला आणलं ते मागच्या हिवाळ्यात. एका बागायतदाराच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली. आदल्या रात्री भिवाची मेंढरं त्याच रानात बसली होती. बसवली होती बागायतदारानंच. मेंढरं रात्रभर रानात बसली की लेंड्या-मुतानं रान खतावतं, म्हणून शेतकरी धनगराला बोलावून नेतो, त्याला धान्य देतो. सकाळी भिवा कळप घेऊन पुढच्या गावाला गेला, दुपारी मोटार नाही हे कळलं, आणि संध्याकाळी पोलिसांची गाडी भिवाला घेऊन आली. अटक दाखवली नव्हती, नुसतं चौकशीला बसवलं होतं.

त्या संध्याकाळी निरोप आला तो साध्या ताटाचा. गोपिकाबाई स्वतः ताट घेऊन गेल्या. रिवाजाप्रमाणे सोमेश्वर जमादारांनी आधी एक घास चाखला आणि ताट गजाखालून आत सरकवलं. आतला पोरगा बोलला त्यावरून गोपिकाबाईंनी ओळखलं की हा आपल्यातला.

"कुणाचा रं तू?"

"बाप न्हाई मावशी आता. भिवा म्हणत्यात. लोकर कातरणीला फिरतो, मेंढरं बी हायेत घरची."

"मंग हितं कसा?"

"मलाच म्हाईत न्हाई. मोटार म्हणत्यात. मोटार उचलायला चार गडी लागतेत, मी एकला, संगं एक कुत्रं." तो हसला. त्यानं कांदा फरशीवर ठेवून मुठीनं फोडला, भाकरी मोडून कालवणात चुरली, आणि आणखी एक भाकरी मागितली. कातरणी करणाऱ्याची ती मूठ होती. गोपिकाबाईंना आपला भाऊ आठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओरडा आला, "आक्का, एक मऊ!"

ओरडणारे सोमेश्वर जमादारच होते. यावेळी गोपिकाबाईंना थट्टा सुचली नाही. खिचडी घेऊन त्या गेल्या तेव्हा भिवा भिंतीला टेकून बसला होता. त्याला वाटी हातात धरता येईना. दोन्ही मनगटांच्या मध्ये वाटी दाबून त्यानं ती ओठाला लावली. उजव्या हाताची बोटं सुजून एकमेकांना चिकटल्यासारखी झाली होती.

"हळू बाबा, गरम हाय," गोपिकाबाई म्हणाल्या.

"मावशी, कातर धरता येईल न्हवं मला?"

"येईल की. का न्हाई येणार?" असं म्हणून त्या रिकामी वाटी घेऊन परत आल्या, आणि चुलीपुढं बसून बराच वेळ जाळ फुंकत राहिल्या, चूल चांगली पेटलेली असतानाही.

एक-दोन दिवसांत दुसऱ्या तालुक्यात चोरांची टोळी सापडली. त्यांच्याकडं बऱ्याच मोटारी निघाल्या, त्यांत ही पण निघाली. भिवाला "जा घरी" म्हणून सांगितलं. माफी बिफी कुणी मागितली नाही. तशी पद्धतच नव्हती.

गोष्ट तिथंच मिटायची, पण भिवाची बायको मनीषा मिटवून घेणारी नव्हती. तिनं नवऱ्याला सरकारी दवाखान्यात नेलं. हाडं मोडली आहेत, दोन बोटं पूर्ववत होतील याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग तिनं जुन्या जालन्यातल्या एका वकिलाच्या मदतीनं वरपर्यंत तक्रार केली. ठाण्यानं कळवलं की हा इसम पळून जाताना बांधावरून पडला. ठाण्यात आणला तेव्हाच त्याचा हात दुखावलेला होता. कोठडीवरचा कॅमेरा त्या काळात बंद असल्याचंही कळवलं. आता बाहेरच्या जिल्ह्यातल्या एक अधिकारी बाई चौकशीला येणार होत्या.

एका सकाळी मनीषा खानावळीत येऊन उभी राहिली. कडेवर लेकरू, चेहऱ्यावर ऊन.

"मावशी, तुम्ही त्यास्नी पयल्या दिवशी भाकर दिल्ती ना?"

"दिल्ती."

"हातानं मोडून खाल्ली ना?"

गोपिकाबाई चुलीतलं लाकूड पुढं सारू लागल्या. त्यांची सून वर्षाराणी परातीत पीठ मळत होती, तिचा हात थांबला.

"ते म्हणत्यात, हात आधीच मोडल्ता. तुम्ही एवढंच सांगा, आधी मोडल्ता का न्हाई. जास्तीचं काही नगं." मनीषाचा आवाज चढला नाही. "कातरणीचा हंगाम आलाय. माझा दीर म्हणतो, भिवादादाची मेंढरं आम्ही कातरू. कातरतील, न्हाई कोण म्हणतं? पण ते रातभर नुसता हात बघत बसतेत, मावशी."

"मी भांडी पोचवती बाई. माणसं बघत न्हाई," गोपिकाबाई म्हणाल्या, आणि ते बोलतानाच हे खोटं आहे हे त्यांना कळलं. मनीषालाही कळलं असावं. ती पाणी पिऊन गेली.

ती गेल्यावर वर्षाराणी म्हणाली, "आत्या, तुम्ही बराबर बोलल्या. ठाणं हातचं गेलं तर ही चूल काय ट्रॅक्टरवाल्यांच्या जिवावर चालणार हाय? ह्यांचं काम तर हंगामापुरतं." तिचा नवरा, म्हणजे गोपिकाबाईंचा मुलगा, कारखान्याला ऊस वाहत असे. सुनेच्या बोलण्यात वावगं काहीच नव्हतं.

"अगं, पण मी ते मऊ देत आले इतकी वर्षं."

"दिलं ते चांगलंच केलं की. आत्या, तुम्ही कुणाला मारलं का?"

गोपिकाबाईंनी परात पुढं ओढली आणि अर्धं पीठ आपल्याकडं घेतलं. पीठ मळता मळता त्या जणू स्वतःशीच बोलल्या, "आमचा बाप म्हणायचा, मेंढरू लंगडाय लागलं तर त्याच्या पुढ्यात पाला टाकून भागत न्हाई. त्याला आडवं पाडायचं आन खूर बघायचा. काटा आत ठेवून पाला घातला तर मेंढरू उभं राहतं, खातं बी, आन पाय सडतो." मग म्हणाल्या, "मी पाला टाकत आले गं. कुणी भाकर मोडंना म्हणून खिचडी. खिचडी खाल्ली की तो गप. तो गप म्हंजे समदेच गप. खूर कधी बघितलाच न्हाई."

भाकऱ्या त्या दुपारी दोघींच्याही जरा जाड झाल्या.

आता खरी अडचण वेगळीच होती. भिवाचा हात आधी धड होता हे सांगायचं तर मऊचं सांगावं लागणार. मऊचं सांगितलं की पहिला प्रश्न येणार, ते मागितलं कुणी? मारलं होतं ठाण्यातल्या फौजदारानं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तरणा, नवा, रागीट माणूस. पण मऊ मागितलं होतं सोमेश्वर जमादारांनी. ज्यानं पट्टा उचलला त्याचं नाव गोपिकाबाई घेऊ शकत नव्हत्या, कारण त्यांनी तो उचलताना पाहिला नव्हता. ज्यानं दया दाखवली त्याचंच नाव त्यांच्या तोंडून निघणार होतं. आणि हा तो माणूस, ज्यानं त्यांच्या नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्यात सरकारी गाडी दारात आणून उभी केली होती, साहेबाच्या शिव्या खाऊन.

नाव घ्यायचंच तर आधी तोंडावर सांगायचं, असं त्यांनी ठरवलं.

जमादार दुपारी जेवायला आले ते कुठल्याशा सभेचा बंदोबस्त आटोपून. बूट काढून त्यांनी पाय बाकड्यावर घेतले. पाय सुजले होते, मोज्याची वळी घोट्यात रुतली होती.

"आक्का, वाढा जल्दी. परत मिरवणुकीला जायचंय. पोरीचं आज शाळेत गॅदरिंग हाय, तिला म्हणलो येतो म्हणून. काय येतो! साप्ताहिक सुट्टी कुणाला म्हणतेत ते इसरून गेलो."

गोपिकाबाईंनी त्यांना पोटभर जेवू दिलं. हात धुतल्यावर म्हणाल्या, "सोमेश्वर, ती बाई साहेब येणार हाय चौकशीला. मी सांगणार हाय. तुझं नाव येणार."

जमादार तोंड पुसायचे थांबले. "माझं? मी हात न्हाई लावला त्याला, आक्का. देवाशपथ."

"मला ठाऊक हाय."

"मंग?"

"तू मऊ मागितलंस."

"म्हंजे दया केली तर तिचीच फाशी?" ते उठून उभे राहिले, परत बसले. "मी काय करायचं व्हतं? साहेबाचा हात धरायचा व्हता? उचलून कुठं लांब फेकलं असतं मला, पोरीची शाळा सुटली असती. तुम्हाला काय म्हाईत, आक्का. बागायतदार वर फोन करतो, वरून साहेबाला फोन, मोटारीचं काय झालं? साहेब आमच्यावर खेकसतो, आम्ही... बोटांच्या ठशाला माणूस बोलावला तर कवा येईल भरवसा न्हाई. तपास कसा करायचा ते शिकवायला कुणी येत न्हाई. पट्टा मात्र खुंटीला कायम हाय. हाताला तोच लागतो."

"हेच सांग की मंग तिथं."

"सोपं हाय व्हय?"

"न्हाई. मला बी सोपं न्हाई. माझी चूल तुमच्यावर हाय." गोपिकाबाईंनी त्यांच्यापुढचं ताट उचललं. "तू मऊ मागितलंस म्हणून त्याच्या पोटात घास गेला, हे बी मी सांगणार. पर तू मागितलंस म्हंजे तुला ठाऊक व्हतं, हे त्यातच आलं. आन मी दिलं म्हंजे मला बी ठाऊक व्हतं. मी माझं नाव आधी घेईन."

जमादारांनी बूट चढवले. नाडी बांधताना त्यांचा चेहरा लाल झाला होता. "तुमच्याच हाताचं खाऊन मोठा झालो मी या ठाण्यात," एवढंच म्हणाले आणि गेले. नंतर काही दिवस ते रस्त्याच्या या बाजूला आले नाहीत. निरोप ओरडायला दुसराच शिपाई यायचा.

गोपिकाबाईंनी होकार कळवला तसा मनीषाचा वकील येऊन काय विचारतील ते सांगून गेला. चौकशी सरकारी विश्रामगृहात होती. गोपिकाबाई धुतलेलं लुगडं नेसून गेल्या. वर्षाराणी, कुणी सांगितलं नसताना, खानावळीला कडी लावून सोबत आली. व्हरांड्यातल्या बाकावर एका टोकाला भिवा आणि मनीषा, दुसऱ्या टोकाला फौजदार फोनवर बोलत. सोमेश्वर जमादार खांबाजवळ उभे. त्यांनी मान वर केली नाही.

अधिकारी बाई साध्या साडीत होत्या. त्यांनी गोपिकाबाईंना खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं.

"मारताना तुम्ही स्वतः पाहिलं?"

"न्हाई बाई साहेब."

"ओरडण्याचा आवाज ऐकला?"

"न्हाई. आमच्याकडं दिवसभर ट्रॅक्टर. गाणी लावून जातेत. कानावर काही येत न्हाई."

"मग तुम्हाला काय माहीत आहे?"

गोपिकाबाईंनी सांगितलं. कांदा मुठीनं फोडला ते. भाकरी मोडली, दुसरी मागितली ते. दुसऱ्या दिवशी दुपारी मऊ मागवलं ते. वाटी मनगटांत धरली ते. बाई साहेब लिहून घेत होत्या.

"मऊ द्या असं कुणी सांगितलं?"

दार उघडं होतं. व्हरांड्यातला खांब तिथून दिसत होता.

"सोमेश्वर जमादारांनी," गोपिकाबाई म्हणाल्या. "त्यांनी दयेनं सांगितलं. माणूस वाईट न्हाई."

"असं मऊ याआधी कधी मागवलं होतं?"

हा प्रश्न त्यांना अपेक्षित नव्हता. वकिलानं यावर काही सांगितलं नव्हतं, मनीषानं एवढंच सांगा म्हणून विनवलं होतं. "मागवायचे," त्या म्हणाल्या. "किती वर्षं झाली. साहेब बदलले तरी मागवायचेच. मी तूप घालून द्यायची. हसायची बी. कुणासाठी, कशापायी, एकदा बी विचारलं न्हाई. हे बी लिहा."

बाई साहेबांचं पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी ते लिहिलं.

बाहेर आल्यावर गोपिकाबाई बाकावर बसल्या आणि जमादारांना आत बोलावलं गेलं. दार लागलं. फौजदार फोन खिशात ठेवून येरझाऱ्या घालू लागला. भिवा खाली बघत होता. डाव्या हातानं तो उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत होता, आणि ती परत आपसूक वाकडी होत होती. मनीषानं त्याचा हात धरून आपल्या मांडीवर ठेवला. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. वर्षाराणी सासूच्या कानाशी कुजबुजली, "जमादार काय सांगतील आत्या?"

"मला काय ठाऊक. त्याची पोर हाय, नोकरी हाय. पडला म्हणून सांगितलं तरी मी त्याला शिव्या देणार न्हाई."

बऱ्याच वेळानं दार उघडलं. सोमेश्वर जमादार बाहेर आले, टोपी हातात. फौजदाराकडं न बघता ते सरळ बाकाशी आले.

"तुम्ही कोठडीपर्यंतचं सांगितलं, आक्का," ते म्हणाले. "मी आतल्या खोलीतलं सांगितलं. कुणी धरलं, कुणी मारलं, मी दारात उभा राहून काय केलं. समदं."

मग ते भिवाकडं वळले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. भिवानं वर पाहिलं आणि बाकावर थोडं सरकून जागा केली. जमादार बसले नाहीत. पण खांबाशीही परत गेले नाहीत, तिथंच उभे राहिले.

"आता घरी काय सांगू?" ते गोपिकाबाईंना म्हणाले. त्यांनी पिशवीतली पाण्याची बाटली काढून पुढं केली.

निकाल असा लगेच लागत नाही. अहवाल वर गेला आहे. फौजदाराला नांदरसांगवीतून हलवलं, त्याची विभागीय चौकशी चालू आहे, आणि ती किती दिवस चालेल हे कुणीच सांगत नाही. सोमेश्वर जमादारांना ठाण्याचं काम काढून घेऊन मुख्यालयात जमा केलं. त्यांचीही चौकशी आहे, आणि ते योग्यच आहे असं गोपिकाबाई म्हणतात, पण म्हणताना पदरानं डोळे टिपतात. भिवाची मेंढरं यंदा भावांनी कातरली. त्याची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. तो डाव्या हातानं कातर धरायला शिकतो आहे.

ठाण्याचं जेवण नव्या साहेबांनी बसस्टँडजवळच्या हॉटेलाला दिलं. जाताना-येताना शिपाई खानावळीकडं बघेनासे झाले. पहिल्या आठवड्यात वर्षाराणी सवयीनं तेवढंच पीठ मळायची आणि उरलेल्या भाकऱ्या झाकून ठेवायची. गोपिकाबाईंनी सकाळचा पोहे-चहा सुरू केला. मुलानं ट्रॅक्टरवाल्यांना सांगून ठेवलं. चूल विझली नाही, एवढंच म्हणता येईल.

परवा दुपारी ठाण्यातले दोन तरणे शिपाई रस्त्याच्या कडेला बराच वेळ घुटमळले, आणि अखेर ओलांडून आले. बाकड्यावर बसताना एकानं मागं वळून ठाण्याकडं पाहिलं.

"आक्का, त्या हॉटेलात भाकर रबरावाणी हाय," दुसरा म्हणाला. "ठेचा हाय का?"

"ठेचा कधी नसतो माझ्याकडं?" गोपिकाबाईंनी ताटं मांडली.

दोघं खात राहिले. निम्मं जेवण झाल्यावर पहिला ताटातच बघत म्हणाला, "आम्हाला बी बोलवून राह्यले म्हणे पुढच्या तारखेला. आम्ही बी व्हतो ना त्या दिवशी ड्युटीवर."

गोपिकाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली, निखाऱ्यावर फुगवली आणि त्याच्या ताटात टाकली.

"सकाळी लवकर या," त्या म्हणाल्या. "जेवून जा."